खोकाभर कॅसेट्स आणि त्यांवरचे जुने रॉक कॉन्सर्ट: काय करावं?

बी_साइड
नमस्कार मंडळी.
माझे काका १९७० च्या दशकात शिकायला अमेरिकेत होते. तिथे त्यांना रॉक कॉन्सर्टचं वेड लागलं आणि पाठोपाठ ते रेकॉर्ड करण्याचंही. गेल्या वर्षी काका गेले. परवा काकूने एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "तुला यातलं कळतं, तूच बघ काय ते." आत एकसष्ट कॅसेट्स आणि तीन रिळं. बऱ्याच कॅसेट्सवर काकांच्या बारीक अक्षरात तारीख, गाव आणि गाण्यांची यादी आहे. काहींची शाई उडाली आहे. सतरा कॅसेट्स पूर्ण कोऱ्या, म्हणजे वरून कोऱ्या. आत काय आहे ते ऐकल्याशिवाय कळणार नाही.

मला विचारायचंय ते असं. डिजिटल करताना एमपी३ पुरेल का? एक कॅसेट थोडीशी ऐकली, तर गाण्यापेक्षा आजूबाजूच्या लोकांचा आरडाओरडाच जास्त. तो काढून टाकावा का? आणि हे सगळं इतरांना ऐकायला देणं योग्य आहे का? माझं मत विचाराल तर एकट्याच्या कपाटात राहिलेलं रेकॉर्डिंग नसल्यातच जमा. पण घाईघाईत काही बिघडवायचं नाहीये.

फीतवाला
सगळ्यात आधी एक करा. ती तीन रिळं मशीनवर लावू नका. अगदी "जरा बघू" म्हणूनसुद्धा नको.

त्या काळातल्या काही रिळांच्या फितीत, विशेषतः अँपेक्स कंपनीच्या ४०६ आणि ४५६ मध्ये, चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा थर हवेतला ओलावा शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत लावली की ती किंचाळते, हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिकटा सोडते आणि त्या चिकट्याबरोबर तुमचं संगीतही निघून येतं. यावर उपाय म्हणजे रीळ साधारण ५४ अंश सेल्सिअसवर आठ तास किंवा त्याहून जास्त मंद तापवायचं. ओलावा निघाला की काही आठवडे फीत नीट चालते, तेवढ्यात ट्रान्सफर उरकायचं. मात्र हे घरच्या ओव्हनमध्ये करायचं काम नाही. तापमान एकसारखं राहावं लागतं. शिवाय अ‍ॅसिटेटची जुनी फीत असेल तर ती तापवायचीच नसते. रिळं जाणकाराकडे द्या.

कॅसेट्सना हा रोग सहसा होत नाही. तिथे दुखणी वेगळी.

पेन्सिल
कॅसेट म्हटल्यावर मला बोलावंच लागणार. नाव सार्थ करायची संधी आहे :)

कॅसेट उघडून बघा. फितीमागे स्पंजाचा किंवा फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याचा डिंक सुटतो आणि तुकडा आतच कुठेतरी पडलेला असतो. मग आवाज येतो-जातो आणि आपण म्हणतो फीत गेली. फीत ठणठणीत असते! कवच स्क्रूचं असेल तर ती चांगल्या कवचात घाला. बिनस्क्रूचं असेल तर कडेने हळूच फोडावं लागतं. धीर ठेवा, हात स्वच्छ ठेवा, आणि पहिला प्रयोग काकांच्या कॅसेटवर करू नका.

चेकसम
एमपी३ नको. का ते सांगतो. एमपी३ फाइल लहान करताना कानाला कमी जाणवेल असं वाटणारा भाग टाकून देते. टाकलेला भाग परत येत नाही. पुढे कोणी त्याच एमपी३ची सीडी करतो, दुसरा ती सीडी पुन्हा एमपी३ करतो आणि चौथ्या हाताला पोचेपर्यंत झांजांचा आवाज पाण्यात बुडवल्यासारखा येतो. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये एक बिटही जात नाही. २००१ पासून ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे. त्याआधी मंडळी शॉर्टन नावाचा फॉरमॅट वापरत.

ट्रान्सफर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला करा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची कच्ची फाइल साधारण ३ जीबीची होते, फ्लॅकमध्ये ती बरीच लहान होते. एकसष्ट कॅसेट्सना आज ही काही मोठी जागा नाही. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये चेकसमची फाइल ठेवा. दहा वर्षांनी कॉपी उघडाल तेव्हा ती शाबूत आहे की कुठे खराब झालीय, ते एका मिनिटात कळेल.

मंद्र
आरडाओरड्याबद्दल. मी अशी पुष्कळ रेकॉर्डिंगं साफ केली आहेत, आणि थोडी सफाई केल्याने ऐकणाऱ्याचा त्रास खरंच कमी होतो. नव्या माणसाला गाणं ऐकायचं असतं, शेजारच्याचं खोकणं नाही. थोडा हिस, म्हणजे फितीची सततची सूं सूं, कमी करा, बासमधली घुमघुम कापा. त्यात पाप नाही.

शेवटची_रांग
मंद्र, तुमच्याशी यावरून पूर्वीही वाद झालाय, आजही घालणार.

हिस काढताना झांजेची शेपटी जाते. सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक कळत नाही. आणि "शेजारच्याचं खोकणं" म्हणता, पण व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडचा न्यूयॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी क्लबमधला कॉन्सर्ट आठवा. २३ ऑगस्ट १९७० ची रात्र, टेबलावर ठेवलेला साधा सोनी कॅसेट रेकॉर्डर. दोन गाण्यांच्या मध्ये पेय मागवणारा माणूस स्पष्ट ऐकू येतो. १९७२ मध्ये तीच कॅसेट अल्बम म्हणून अधिकृतपणे बाहेर आली. तो आवाज काढला तर ती खोलीच नाहीशी होईल. गायक लू रीडने बँड सोडण्याआधीची ती शेवटची रात्र होती आणि समोरचे लोक नेहमीच्या शनिवारी-रविवारी असतात तसे गप्पा मारत होते. हे फक्त त्या आवाजावरून कळतं.

मंद्र
उदाहरण चोख आहे, मान्य. पण ती अपवादाची रात्र आहे. बाकी नव्याण्णव रेकॉर्डिंगांत खोकणारा नुसता खोकतच असतो.

फीतवाला
दोघांचंही बरोबर आहे, फक्त क्रम पाळा. आधी कच्चं ट्रान्सफर. त्याला हात लावायचा नाही, आवाजाची पातळीही वाढवायची नाही. ते तसंच्या तसं तीन ठिकाणी ठेवायचं, त्यातलं एक घराबाहेर. मग कॉपी घेऊन मंद्रना काय साफ करायचं ते करू दे. आज साफ केलेलं उद्याच्या माणसाला आवडलं नाही तर त्याला मूळ मिळायला हवं. साफ केलेलंच वाटलं आणि मूळ फेकलं, हा गुन्हा मी दोनदा पाहिलाय.

चेकसम
+१. आणि सफाई केली तर माहितीच्या फाइलमध्ये काय केलं ते लिहा.

तारा_
सगळे तांत्रिक गोष्टींवर बोलताय, पण त्यांनी विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळत नाही. वाटणं योग्य आहे का?

मला पटत नाही, स्पष्ट लिहिते. स्टेजवर वाजवलं ते समोरच्या माणसांसाठी. त्या रात्री गायकाचा गळा बसला असेल, गिटार सुरात नसेल. ते कायम जगासमोर राहावं अशी त्याने परवानगी दिली नव्हती. अमेरिकेत कलाकाराच्या संमतीविना लाइव्ह कार्यक्रम रेकॉर्ड करून वितरित करण्याविरुद्ध १९९४ पासून केंद्रीय कायदाच आहे. हौशी माणसाने केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

शेवटची_रांग
तारा, मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विकणारे आणि वाटणारे यांच्यात पहिल्यापासून भिंत आहे. १९६९ मध्ये बॉब डिलनची प्रसिद्ध न झालेली गाणी कोऱ्या पांढऱ्या कव्हरात छापून विकली गेली. तिथून रॉकमधला बूटलेगचा, म्हणजे चोरट्या रेकॉर्ड्सचा, धंदा सुरू झाला. त्यात कलाकाराला छदामही मिळत नव्हता. त्या धंद्याशी माझं काही देणंघेणं नाही.

दुसरीकडे ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड. त्यांच्या कॉन्सर्टला रेकॉर्ड करणारे इतके यायचे की माइकच्या काठ्यांचं रान उभं राहून साउंड इंजिनिअरला स्टेज दिसेना. मग १९८४ मध्ये बँडने त्यांच्यासाठी मिक्सिंग डेस्कच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं दिली. अट एकच होती, विकायचं नाही. कोऱ्या कॅसेट्स आणि टपालखर्च पाठवा, मी भरून पाठवतो, असा व्यवहार चालायचा. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा कॉन्सर्ट असाच हातोहात फिरला. त्याचं मूळ बेटी कँटर-जॅक्सन यांनी मिक्सरवरून केलेलं रेकॉर्डिंग. त्यांच्या टेप्स १९८६ मध्ये एका गोदामाचं भाडं थकलं म्हणून लिलावात गेल्या! ज्यांनी घेतल्या त्यांनी कॉपी करून वाटल्या, म्हणून त्या जगल्या. पुढे त्या कॉन्सर्टची अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदीत निवड झाली आणि २०१७ मध्ये तो अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. कपाटात ठेवून हे झालं नसतं.

तारा_
डेडने परवानगी दिली होती, हाच तर माझा मुद्दा. ज्यांनी दिली नाही त्यांचं काय? रॉक संगीतकार फ्रँक झॅपांना बूटलेगचा इतका राग होता की १९९१ मध्ये त्यांनी त्याच बूटलेग रेकॉर्ड्स स्वतः उचलून अधिकृतपणे काढल्या. आणि डेडचंही सगळं गोड नव्हतं. २००५ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरची त्यांची डाउनलोड्स अचानक बंद झाली. श्रोत्यांनी ओरड केल्यावर प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंगं परत आली, मिक्सरवरची मात्र फक्त तिथेच ऐकायची राहिली. म्हणजे जिथे संमती होती तिथेही सीमा होती.

चेकसम
तारा यांचं म्हणणं व्यवहारात आणता येतं. इंटरनेट अर्काइव्हचा लाइव्ह म्युझिक विभाग २००२ मध्ये याच तत्त्वावर उभा राहिला. बँडने होकार दिला असेल तरच तिथे त्यांचे कॉन्सर्ट ठेवता येतात. बी_साइड, तुमच्या एकसष्टपैकी जी नावं ओळखता येतात ती तिथे शोधा. होकार असलेले निवांत वाटा. बाकीच्यांना पत्र लिहा. बँडकडे किंवा त्यांचा संग्रह सांभाळणाऱ्यांकडे त्या रात्रीचं काहीच नसेल तर ते आनंदाने कॉपी मागतात. अधिकृत अल्बम निघाला तर आपलं मागे घ्यायचं, हा जुना शिरस्ता आहे.

तारा_
असं असेल तर माझा विरोध मावळला. पत्राचं मात्र खरंच करा, नुसतं म्हणू नका.

रात्रपाळी
मध्येच घुसतो, क्षमस्व. लॉस एंजेलिसच्या फोरम या सभागृहात माइक मिलार्ड नावाचा माणूस व्हीलचेअरमध्ये रेकॉर्डर लपवून आत न्यायचा. त्याने २१ जून १९७७ चा लेड झेपलिन बँडचा कॉन्सर्ट नाकामिची ५५० या कॅसेट रेकॉर्डरवर टिपला. हेडफोन लावून ऐकलं तर ड्रम छातीवर आदळतात. बी_साइडचे काका काय वापरत होते हे कळलं तर सांगा! मला या यंत्रांचं वेड आहे.

बी_साइड
किती लिहिलंत सगळ्यांनी! रिळं बाजूला ठेवली, कापडात गुंडाळून. काकूला विचारलं. रेकॉर्डर हातभर लांबीचा, बॅटरीवर चालणारा आणि खांद्याला अडकवायचा होता, एवढंच तिला आठवतं. "बॅटऱ्यांपायी जेवायचे पैसे उडवायचे," असंही म्हणाली.

दोन शंका. एक, डॉल्बी (हिस कमी करणारी सोय) चालू ठेवून ट्रान्सफर करू की बंद? दोन, एका कोऱ्या लेबलच्या कॅसेटची बी बाजू चमत्कारिक आहे. सुरुवातीला सगळं ठीक, पण शेवटाकडे गायक हळूहळू बारीक आवाजात गातोय असं वाटतं आणि गाणंही घाईत पळतं. फीत ताणली गेली का?

फीतवाला
डॉल्बीची खूण कॅसेटवर नसेल तर बंद ठेवून ट्रान्सफर करा, नंतर लावता येतं. आणि त्याआधी अ‍ॅझिमथ बघा. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. काकांच्या रेकॉर्डरचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन एकच असेल असं नाही. डावा-उजवा एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अगदी केसभर फिरवा. एका जागी झांजा अचानक उघडतात. ती जागा. प्रत्येक कॅसेटला पुन्हा बघावं लागतं, कंटाळा करू नका. दबलेल्या आवाजाच्या तक्रारी निम्म्या इथेच संपतात.

मंद्र
फीत ताणलेली नाही. बॅटरी उतरत होती!

असं बघा. बॅटरी उतरली की रेकॉर्डरची मोटर मंदावते. म्हणजे फीत हळू सरकताना रेकॉर्ड झाली. आता तुमच्या डेकवर ती योग्य वेगाने चालते, म्हणून सगळं जलद आणि वरच्या पट्टीत. किती जलद, हे मोजायची सुंदर युक्ती आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण ६० ला आणि त्याच्या दुपटीला, १२० ला येते. दोन गाण्यांमधली शांतता स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या कंपनसंख्यांच्या आलेखावर, बघा. खालच्या बाजूला एक बारीक रेघ दिसेल. सुरुवातीला ती १२० वर असेल आणि शेवटाकडे चढत गेलेली असेल. ती जितकी चढली तितका वेग कमी करायचा. आधी तुमच्या डेकचा स्वतःचा वेग बरोबर आहे याची खात्री करा.

शेवटची_रांग
मंद्र, गुणगुण "साफ" केली असतीत तर हे मोजता आलं असतं का? :)

मंद्र
हरलो. कच्चं ट्रान्सफर जिंदाबाद.

पेन्सिल
हा क्षण जपून ठेवा मंडळी, फ्लॅकमध्ये.

चेकसम
कोऱ्या सतरा कॅसेट्सबद्दल एक लिहायचं राहिलं. ओळख पटवताना घाई नको. डिलनचा १९६६ चा जो कॉन्सर्ट अनेक वर्षं "रॉयल अल्बर्ट हॉल" म्हणून फिरला, तो मुळात १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाला होता. चुकीचं लेबल इतकं घट्ट चिकटलं की १९९८ मध्ये अधिकृत अल्बम काढतानाही ते नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं. खात्री नसेल तर "तारीख अज्ञात" लिहा. काकांचे डबे, कागदाचे कपटे, तिकिटांचे तुकडे, सगळ्याचे फोटो काढा. त्यांनी चुकीचं लिहिलं असेल तर तेही तसंच टिपा आणि दुरुस्ती शेजारी लिहा.

तारा_
आणि काकांचं नाव? रेकॉर्डिंग कोणाचं, हे लिहिणार ना?

बी_साइड
काकूला विचारून लिहीन. तिने आत्ताच सांगितलंय की आडनाव नको, आद्याक्षरं चालतील.

बी_साइड
तीन आठवड्यांनी परत येतोय. एकूण नऊ कॅसेट्स झाल्या.

मंद्र, रेघ सापडली. त्या बी बाजूच्या सुरुवातीला १२०, शेवटच्या गाण्याआधी १२४.८. म्हणजे चार टक्के. कॉपीवर वेग हळूहळू उतरवत आणला आणि गायक पुन्हा पुरुषासारखा गाऊ लागला. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवली आहे. ओळख पटलेल्या बँडपैकी दोघांचा होकार अर्काइव्हवर आधीच आहे. एका बँडला पत्र पाठवलं. तारा, पाठवलं, नुसतं म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. नऊच्या नऊ कॅसेट्सवर शेजारचे ओरडतात, शिट्ट्या मारतात, पण माइकजवळ टाळी ऐकू येत नाही. मला वाटलं काकांना आवडलंच नसेल. मग लक्षात आलं की ते मुद्दाम वाजवत नव्हते.

शेवटची_रांग
बरोबर. रेकॉर्ड करणारा टाळी वाजवत नाही. ओरडत नाही, गात नाही, हलतही नाही. मी एका कॉन्सर्टला दोन तास हात मांडीखाली घेऊन बसलो होतो.

बी_साइड
हो. पण त्या बॅटरी उतरलेल्या कॅसेटवर शेवटच्या गाण्यानंतर, एन्कोअरची जादा गाणीही संपल्यावर, दिवे लागल्यावर होतो तसा गलका आहे. आणि मग एकदम जवळून टाळ्या. चार, पाच. इतक्या जवळून की आवाज फाटतो आणि मीटर लाल होतो. मग खट् असा बटणाचा आवाज, आणि पुढे कोरी फीत.

काकूला ऐकवलं. तिने तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.

मंद्र
तो फाटलेला भाग कॉपीतही तसाच ठेवा. मोठा आवाज दाबणारा लिमिटर लावू नका.

बी_साइड
नाही लावला. माहितीच्या फाइलमध्ये वेळ लिहिली आहे, ४३ मिनिटं १२ सेकंद. पुढची कॅसेट उद्या. तिचा फेल्टचा तुकडा निघालाय. पेन्सिल, कवच कोणतं घेऊ?

पेन्सिल
पाच स्क्रूचं. आणि फोटो टाका, मी बघतो.